दोन ते अडीच

७ जुलै, सोमवार

टिंबं! चोवीस रकान्यांपैकी एकोणिसांत नुसती टिंबं.

ललितने सकाळी लॅपटॉप माझ्यापुढे फिरवला. ललित म्हणजे कंपनीने पुण्याहून पाठवलेला इंजिनियर. दोन महिने झाले, आमच्या हॉस्पिटलसाठी नर्सिंगची स्क्रीन बनवतोय. रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचंच नाही, अशी त्याने युक्ती केली होती. मग सिस्टरांनी काय केलं? प्रत्येक रकान्यात एक टिंब मारलं आणि गेल्या पुढे. मला इतकं हसू आलं! तो बिचारा गोरामोरा. "मॅडम, असं कसं करू शकतात या?" म्हटलं, मीही हेच केलं असतं. तीस खाटा, तीन सिस्टर, आणि तू विचारणार गादी कुठल्या प्रकारची.

"हे रकाने हवेत का, असं कुणाला विचारलं होतंस?" तर म्हणाला, बाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलचं तयार टेम्प्लेट घेतलं. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय!

हसले खरी. पण टिंबं मारताना त्या तिघी एकमेकींकडे बघून हसल्या असतील. मी तिथे नव्हते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तेच डोक्यात राहिलं.

९ जुलै, बुधवार

कंबर. सगळं या कंबरेने केलं.

सव्वीस वर्षं नोकरी, त्यातली एकोणीस मेडिसिनच्या वॉर्डात. जानेवारीत एका पेशंटला कुशीवर वळवताना मणक्यातून कळ गेली, ती आजतागायत आहे. उचलाउचली बंद, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. यादव सर — आमचे ॲडमिनिस्ट्रेटर — म्हणाले, "मोहिनी सिस्टर, तुम्हाला कॉम्प्युटरच्या प्रोजेक्टवर घेतो. सप्टेंबरअखेरपर्यंत. मग पुढचं बघू." उपकारच केले म्हणायचे. नऊ ते पाच, फिरती खुर्ची, डोक्यावर पंखा.

खोलीत मी आणि ललित. तो कानांत इयरफोनची बोंडं घालून बसतो. चहा घेणार का, एवढंच दिवसभराचं बोलणं. मी दिवसाला शंभर माणसांशी बोलणारी, भांडणारी, रागावणारी बाई! आज लिफ्टमध्ये एका पेशंटच्या नातेवाइकाने एक्स-रे कुठे विचारलं, तर मी त्याच्याबरोबर एक्स-रेपर्यंत चालत गेले.

१३ जुलै, रविवार

रविवारचं करायचं काय असतं, मला खरंच माहीत नाही.

वॉर्डात माझी सुट्टी बुधवारी असायची. बुधवारी सगळं जग कामावर, त्यामुळे आपण एकट्या आहोत हे कळत नाही. रविवारी कळतं. समोरच्या फ्लॅटमधली सगळी गाडीत बसून सोमेश्वरला गेली. डबे, चटया, आजीसुद्धा. मी खिडकीतून बघितलं, मग बघतेय हे त्यांना दिसेल म्हणून आत आले.

दुपारी कळवणला दादाला फोन केला. "ये की चार दिवस इकडे," म्हणाला. म्हणायचं म्हणून म्हणतो तसं. मागून वहिनी कुणालातरी वाढत होती. मीही "बघते" म्हटलं.

१६ जुलै, बुधवार

आज ओव्हर बघायला वॉर्डात गेले. स्क्रीन करायची तर आधी ओव्हर नीट लिहून काढायला हवा.

ललितला समजवायला तीन दिवस लागले, म्हणून इथेही लिहिते. सकाळच्या सिस्टर अडीचला सुटतात. दुपारच्या दोनला येतात. मधला अर्धा तास दोन्ही पाळ्या वॉर्डात. दोघी-दोघी मिळून खाटेखाटेपाशी जातात. जाणारी बोलते, येणारी बघते. पांघरूण उचलायचं. सुई टोचली आहे त्याच्या वरच्या बाजूला हात लावून बघायचं. पिशवीत लघवी किती, पाठ लाल झाली आहे का. आणि कुठल्याच फाईलमध्ये नसतं ते सांगायचं — आजोबा जेवलो म्हणतात, पण ताट खाटेखाली सरकवतात. हिच्या सासूला बाहेर बसव, मग ही बोलेल. हा अर्धा तास म्हणजे ओव्हर. सव्वीस वर्षांत मला दिवसातलं सर्वांत आवडलेलं काम हेच.

आज मी गेले आणि ओव्हर मेला! अंगात गणवेश नाही, हातात वही. मला बघितल्यावर सगळ्या एकदम शहाण्यासारख्या बोलायला लागल्या. तृप्तीने तर परीक्षेत म्हणावं तसा म्हणून दाखवला. अकरा वर्षांपूर्वी ती कोर्स करून आली, तेव्हा मीच तिला शिकवला. पहिल्या दिवशी दोन खाटा विसरली म्हणून रडली होती, मी कँटीनमधून साबुदाणावडा आणून खाऊ घातला होता.

इनचार्ज उज्वला माझ्याच बॅचची. ती तेवढी म्हणाली, "बस गं, उभी नको राहूस, कंबर दुखेल." बाकी सगळ्यांना वाटत असणार की मी वरून पाठवलेली हेर. ओव्हर संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीतून हसणं ऐकू आलं. मी वही मिटली आणि जिन्याने खाली आले.

२२ जुलै, मंगळवार

सापडलं!

तृप्तीच्या खिशातून कागद पडला. हातमोज्यांच्या पाकिटाच्या आतला पांढरा कागद. आम्ही सगळ्या त्यावरच लिहायचो. दारापासून डावी रांग, खिडकीशी वळून उजवी रांग — आम्ही चालतो त्या क्रमाने. एका पेशंटला एक ओळ. काम झालं की काट मारायची. पाळी संपली की कागद कचऱ्यात.

तो उचलून म्हटलं, "हा मी नेऊ?" तिचा हात आधी पुढे आला, मग मागे गेला. "न्या. काही चुकलंय का त्यात?" अगं, चुका शोधायला नाही आले मी! असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. "नाही, ठीक आहे," एवढंच म्हणाले, एखाद्या साहेबासारखी.

ललितपुढे कागद ठेवला. "असं बनव."

"मॅडम, हा कचरा आहे."

"हो. याच कचऱ्यावर तुझं अख्खं हॉस्पिटल चालतं."

कानांतली बोंडं काढली त्याने! पहिल्यांदाच. तीन तास बोललो. पेशंटची नावं त्याने दाखल झाल्याच्या क्रमाने लावली होती. म्हणजे पहिली खाट, मग एकोणिसावी, मग चौथी. कोण चालेल असं? त्याने माझ्याबरोबर वॉर्डाचा नकाशा काढला. पाच कधी वाजले कळलंच नाही. घरी येऊन मऊभात केला, तूप घालून पोटभर जेवले.

२९ जुलै, मंगळवार

नवी स्क्रीन आली. हातात धरायची, वहीएवढी. उघडली की चालायच्या क्रमाने खाटा. एका पेशंटला एक ओळ, पुढच्या पाळीने काय बघायचं तेवढंच. बोट फिरवलं की काट. आणि प्रत्येक ओळीखाली एक मोकळी जागा — काय वाटेल ते लिहा. सक्ती नाही.

ललितने पैज लावली होती, सक्ती नसेल तर कुणी अक्षर लिहिणार नाही. तीसपैकी सत्तावीस जागा भरल्या! "आजींना गुळाचा खडा दिल्याशिवाय गोळी घेत नाहीत." "नऊ नंबरच्या जावयाशी बोलू नका, लेकीशी बोला." "बारा नंबर रात्रभर जागे, बायको गेल्याचं यांना सांगितलेलं नाही."

एक टिंब नाही कुठे. ललितने मला वडापाव खिलवला.

३१ जुलै, गुरुवार

रोज सकाळी चहाबरोबर ती मोकळी जागा वाचते. सगळ्या तीस खाटांची. कुणी बघितलं तर म्हणेल, बाई काम करताहेत. काम कसलं! करमत नाही म्हणून वाचते. काल शुभांगीने लिहिलं होतं, "चौदा नंबरच्या मामांनी सगळ्यांना गाणं म्हणून दाखवलं." कुठलं गाणं ते नव्हतं लिहिलं. विचारायला वर जावं असं दोनदा वाटलं.

४ ऑगस्ट, सोमवार

अहवाल दिला. चार पानं, सगळी मी लिहिली. सिस्टरांमागे पंधरा दिवस फिरून काय पाहिलं, काय बदललं. शेवटी लिहिलं: "ओव्हर आता पूर्णपणे स्क्रीनवर येतो." वाक्य लिहून स्वतःवरच खूश झाले. सव्वीस वर्षांत माझ्या नावाने चार पानं कुठे गेली नव्हती.

७ ऑगस्ट, गुरुवार

हात दाखवून अवलक्षण!

यादव सरांनी बोलावलं. पेढा दिला. "सिस्टर, उत्तम काम." आणि मग — ओव्हर स्क्रीनवर पूर्ण येतोच आहे, तर दोन्ही पाळ्या अर्धा तास एकत्र ठेवायची गरज काय? अकरा तारखेपासून महिनाभर प्रयोग. सकाळच्या सिस्टर दोनला सुटतील, दुपारच्या दोनला येऊन स्क्रीन वाचतील. वाचलेल्या वेळातून संध्याकाळी एक सिस्टर वाढवून देता येईल, म्हणाले. माणूस वाईट नाही. त्यांनी माझं वाक्य पिवळ्या पेनने रंगवलं होतं.

"सर, पण पेशंट बघायचा असतो—"

"तुम्हीच लिहिलंय ना, पूर्णपणे?"

पेढा हातात तसाच. तोंडात घातला, कारण ठेवायला जागा नव्हती.

माझ्यामुळे ओव्हर जाणार. मला जे सर्वांत आवडायचं ते मीच बंद केलं. आणि वॉर्डात सगळ्यांना कळणार, कुणाच्या अहवालामुळे.

११ ऑगस्ट, सोमवार

दोनला वॉर्डाच्या दारापाशी गेले. टॅब नीट चालतो का बघायला, असं ललितला सांगून. दोन वाजता सकाळच्या तिघी बाहेर. तृप्ती तर जवळजवळ पळतच, पर्स खांद्यावर अडकवत. "येते हं," एवढंच. आत दुपारच्या तिघी तीन कोपऱ्यांत उभ्या राहून स्क्रीन वाचत होत्या. वॉर्डात चक्क शांतता. एका खाटेपाशी दोघी अशा कुठेच नाहीत.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज परत गेले. आजही तेच, दोनच्या ठोक्याला पळतात. पूर्वी अडीच होऊन गेले तरी रेंगाळायच्या. इगतपुरीहून येणारी शुभांगी तर माझ्यासमोरून हसत, धावत गेली. माझ्याशी थांबून बोलावं असं कुणाला वाटत नाही. का वाटावं? मी त्यांचं एकत्र उभं राहणंच काढून घेतलं.

उज्वला टेबलाशी होती. तिला म्हटलं, "बरं नाही झालं गं हे." ती फाईलमध्ये बघत म्हणाली, "तसं प्रत्येकीचं वेगवेगळं असतं, मोहिनी." माझी समजूत घालत होती. एवढी जुनी मैत्रीण, तीही आता तोलून-मापून बोलते.

१७ ऑगस्ट, रविवार

दिवसभरात एकदाच बोलले. दूधवाल्याशी. "एकच पिशवी."

२० ऑगस्ट, बुधवार

काल दुपारी वॉर्डात झालं. मला आज सकाळी कळलं, तेही ललितकडून.

बाविसाव्या खाटेवर साळूबाई म्हणून सुरगाण्याकडच्या बाई आहेत. साठीच्या. सलाईनमधून पोटॅशियम चालू होतं, उजव्या हाताला. तृप्तीने सव्वाएकला बघितलं, व्यवस्थित होतं, तसं तिने स्क्रीनवर लिहिलं. दोनला ती गेली. शुभांगी दुपारची. तिने वाचलं — सलाईन चालू. पहिल्या खाटेपासून इंजेक्शनं सुरू केली. बाविसाव्या खाटेशी पोचायला पावणेचार झाले. तोवर सुई शिरेतून निसटून औषध मांसात उतरत होतं. हात कोपरापर्यंत सुजलेला. मनगटावर फोड.

दोघींना मेमो.

ओव्हर असता तर त्या दोघी सव्वादोनपर्यंत तिथे पोचल्या असत्या. तृप्तीने पांघरूण उचललं असतं, शुभांगीने सुईच्या वर हात लावला असता. औषध मांसात उतरायला लागलं की तिथे गार लागतं, तसं लागलं असतं. संपलं असतं तिथेच. हे मला माहीत आहे. हॉस्पिटलात बाकी कुणाला नसेल इतकं मला माहीत आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

साळूबाईंना भेटून आले. हात उशीवर ठेवलाय, बँडेजमध्ये. सर्जन म्हणतात बोटं शाबूत आहेत, पण मनगटाजवळची कातडी जाईल, नवी लावावी लागेल. लेक शेजारी बसली होती. परवा नेमकी ती चहाला खाली गेली होती.

"बाई, दुखत होतं तेव्हा हाक का नाही मारली?"

"दुखं लय," त्या म्हणाल्या. "पन त्या पोरी कामात व्हत्या. त्या फळीत बघत व्हत्या." फळी म्हणजे टॅब. "माना वर करंत नव्हत्या. मंग कसं बोलवायचं?"

मी बनवलेली फळी.

मग मलाच विचारतात, "भाताची लावणी झालीच हाय. कापनीपर्यंत हात बरा व्हईल ना?" होईल म्हटलं. माहीत नाही मला. वॉर्डातून बाहेर आले आणि औषधांच्या खोलीमागे जाऊन रडले. एकोणीस वर्षं तिथेच जाऊन रडत आले, तेवढी जागा अजून माझी आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

यादव सरांनी लेखी मत मागितलं. सोमवारपर्यंत. हाताला इजा झाली ती सिस्टरांच्या हलगर्जीपणाने, की पद्धतीत दोष आहे? मी जे लिहीन त्यावर दोन गोष्टी ठरणार, त्यांनी स्वच्छच सांगितलं. दोघींचा मेमो राहतो की जातो, आणि दोनला सुटायची नवी वेळ राहते की जाते.

कंपनीच्या मॅनेजरचा पुण्याहून फोन. गोड बोलणं. "मॅडम, स्क्रीनवर काही चुकीचं नव्हतं ना? मग ही वापरणाऱ्याची चूक. एवढंच लिहा. पुढच्या वर्षी तीन हॉस्पिटलं आहेत, तुमच्यासारखी व्यक्ती आम्हाला हवीच आहे."

ललित शेजारीच होता. बोंडं कानांत नव्हती.

२४ ऑगस्ट, रविवार

दोन्ही बाजूंनी विचार केला. सकाळपासून तेच करतेय, दुसरं काम काय आहे?

चूक त्यांची लिहिली तर मी वाचते. नोकरी राहते, खुर्ची राहते. तृप्तीच्या सर्व्हिसबुकावर डाग बसेल. पद्धतीची चूक लिहिली तर आधी माझंच वाक्य खोडावं लागेल. मग सप्टेंबरनंतर मला कोण ठेवणार? वॉर्डात ही कंबर चालत नाही. म्हणजे घरी. म्हणजे रोजच रविवार.

भीती वाटते. खोटं कशाला लिहू, खूप भीती वाटते.

पण खरं काय ते माहीत असताना साळूबाईंचा हात कुणाच्या नावावर टाकू?

२५ ऑगस्ट, सोमवार

लिहिलं. एकच पान. "४ ऑगस्टच्या अहवालातलं माझं शेवटचं वाक्य चुकीचं आहे. ओव्हर स्क्रीनवर येत नाही. जे सांगायचं ते येतं, जे दोघींनी मिळून बघायचं ते येत नाही. दोन्ही सिस्टरांनी आखून दिलेल्या पद्धतीप्रमाणेच काम केलं. दोन ते अडीच ही वेळ पूर्वीसारखी करावी."

यादव सरांनी दोनदा वाचलं. "तुमचंच वाक्य तुम्हीच खोडताय, सिस्टर?"

"हो सर."

"परिणाम कळतोय ना?"

कळतोय म्हटलं.

खाली आल्यावर ललित म्हणाला, "मी नसतं लिहिलं." मग म्हणाला, "चहा आणतो."

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. सव्वीस वर्षांत या दिवशी पहिल्यांदाच घरी. दरवर्षी लेकुरवाळ्यांना सोडून मी ड्युटी घ्यायचे. मी तरी घरी राहून काय करणार होते! आज घरीच राहिले. पाच मोदक केले. तीन उरले.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

ऑर्डर निघाली. एक सप्टेंबरपासून जुनी वेळ. ओव्हर परत! दोघींचे मेमो मागे. तिसरी ओळ — प्रोजेक्ट सप्टेंबरअखेर संपेल, "सिस्टर मोहिनी यांच्या पुढील नेमणुकीबाबत विचार करता येणार नाही."

तिसरी ओळ वाचून कागद पालथा ठेवला. पण पहिल्या दोन पुन्हा वाचल्या. शेवटच्या महिन्यात का होईना, वॉर्डाच्या उपयोगी पडले. फोन जवळ घेऊन बसले आहे. तृप्तीचा येईल असं वाटतं.

३० ऑगस्ट, शनिवार

नाही आला.

१ सप्टेंबर, सोमवार

दोनला वर गेले. वही नेली नाही, नुसतीच गेले.

ओव्हर चालू होता! खाटेखाटेपाशी दोघी-दोघी. पांघरूण उचलणं, हात लावणं, सगळं. मला दाराशी उभ्या उभ्या भरून आलं. पण बोलणं भराभर. तृप्तीचं लक्ष सारखं घड्याळाकडे. गौरी जेवणार आज, प्रत्येकीच्या घरी सोळा भाज्या, म्हणून घाई असेल.

अडीचला ती बाहेर आली. मी थांबले होते. म्हटलं, "तृप्ती, मेमो गेला ना? बरं झालं बाई."

"हो. त्याबद्दल थँक्यू," ती म्हणाली. पर्स खांद्यावर चढवली. मग थांबली. "झालं ना आता तुमच्या मनासारखं?" आणि जिना उतरून गेली.

माझ्या मनासारखं? नोकरी माझी गेली! मेमो तिचा सुटला! काय केलं मी हिचं? संध्याकाळपर्यंत राग धरून बसले. राग ओसरल्यावर नुसतंच वाईट वाटायला लागलं. जाऊ दे. उपकार कुणाला आवडत नाहीत.

४ सप्टेंबर, गुरुवार

उज्वला खाली माझ्या खोलीत आली. ड्रॉवरमधून काढलेला एक अर्ज पुढे ठेवला. "हा आता तुझ्याकडेच ठेव. तेव्हा वर पाठवला असता तर म्हणाले असते, यांना घरी पळायची घाई, म्हणून बाईचा हात गेला. म्हणून दाबून ठेवला."

तारीख १८ ऑगस्ट. साळूबाईंच्या हाताच्या आदल्या दिवसाची. मेट्रनला लिहिलेला. "मोहिनी सिस्टरांनी आमचं काम समजून घेऊन स्क्रीन केली, त्यामुळे आम्हाला पहिल्यांदाच दोनला निघता येतं. आमच्यातल्या पाच जणींना मुलांच्या शाळेपाशी वेळेवर पोचता येतं, शुभांगीला इगतपुरीची आधीची गाडी मिळते. ही वेळ कृपया कायम ठेवावी. फक्त सलाईन चालू असलेल्या खाटांपाशी दोघींनी मिळून जावं, बाकीचं स्क्रीनवर पुरतं. आम्ही करून बघितलं, दहा मिनिटं लागतात. त्यासाठी दुपारच्या आम्ही दहा मिनिटं आधी येऊ."

खाली अकरा सह्या. पहिली तृप्तीची.

पंधरा दिवस त्यांच्या मागे वही घेऊन फिरले मी. अडीचनंतर कुठे जाता गं, हे एकीलाही विचारलं नाही.